प्रोफाइल हलवण्याचं मदतपान: कॉपी सगळ्यांना येते, अडतं त्याच्या आधी आणि नंतर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. संस्थेतले ६०-एक संगणक विंडोज १० वरून ११ वर चाललेत, बहुतेक ठिकाणी डबाच नवीन. सगळीकडे ब्राउझर फायरफॉक्स आणि मेल थंडरबर्डवर. जुन्या मशीनवरचं प्रोफाइल, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड आणि मेलं असतात ते फोल्डर, नव्यावर कसं न्यायचं याचं ९ पानी टिपण तुम्ही चित्रांसकट लिहिलंत आणि सगळ्यांना वाटलंत. तरी फोन थांबेनात, आणि दोन जणांचं जुनं मेल गेल्यात जमा आहे. टिपणात काय बदलायचं, व्हिडिओ करावा का, आणि मेनूंची नावं मराठीत द्यावीत का, असे तीन प्रश्न.

बाकी काही वाचण्याआधी एक करा. त्या दोघांची जुनी मशीनं अजून फॉरमॅट झाली नसतील, तर त्यांना कुणी हात लावू नये अशी चिठ्ठी चिकटवून या. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता टिपण. मी ते पूर्ण वाचलं. एक जागा सोडली तर माहिती बरोबर आहे. गोची अशी की ९ पैकी साडेसहा पानं 'फोल्डर कॉपी कसं करायचं' यावर खर्च झालीत. पेनड्राइव्हवर लग्नाचे फोटो नेणाऱ्या माणसाला फोल्डर नेता येतंच. तो अडकतो कॉपीच्या आधी, कारण नेमकं काय आणि कुठून उचलायचं ते कळत नाही. आणि कॉपीच्या नंतर, कारण सगळं आलं की नाही हे त्याला तपासता येत नाही. या दोन्हींना मिळून तुमच्या टिपणात जेमतेम अर्धं पान आलंय.

हे मी छातीठोकपणे सांगतोय, कारण माझं पहिलं टिपण याच धाटणीचं होतं. मी तेव्हा ज्या कार्यालयात होतो, तिथे हिशेब विभागात निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एक बाई होत्या. टॅली त्यांच्या बोटांवर नाचायचं. मी टिपणाचा कागद त्यांच्या हातात दिला आणि मागे खुर्ची ओढून बसलो, काही झालं तरी बोलायचं नाही असं ठरवून. (हे फार अवघड आहे. दोनदा जीभ चावली.) पहिलीच पायरी होती: 'सी ड्राइव्ह उघडा, मग यूजर्स, मग तुमच्या नावाचं फोल्डर, मग एपडेटा.' आपल्या नावाच्या फोल्डरपर्यंत त्या बिनचूक गेल्या. तिथे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, म्युझिक होतं. एपडेटा, म्हणजे प्रोग्रॅम आपला साठा ठेवतात ते फोल्डर, नव्हतं. दिसणारच नव्हतं, कारण विंडोज ते लपवून ठेवतं. त्यांनी पडद्यावर बोट लावून यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "आमच्यात हे नाहीये वाटतं. माझं साधं मशीन आहे ना." कागद पालथा ठेवला आणि चहाला गेल्या.

मी मागे बसलेलो नसतो, तर त्यांनी फोनही केला नसता. आठवड्याने नवीन मशीन आल्यावर "माझे बुकमार्क गेले" एवढंच कानावर आलं असतं. तुम्हाला येणारे फोन मोजताना हे धरून चाला.

यावर साधा उपाय म्हणजे विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत टक्केचिन्ह, एपडेटा, टक्केचिन्ह असं सलग टाइप करायला लावणं. (पडद्यावर हे रोमनमध्येच टाइप करायचंय, इथे मी सगळी नावं देवनागरीत लिहितोय. तुमच्या टिपणात मात्र ती मूळ लिपीत, स्वतंत्र ओळीवर, जशीच्या तशी उचलून चिकटवता येतील अशी हवीत.) त्याने लपलेलं फोल्डर थेट उघडतं. तिथे थंडरबर्डचं फोल्डर लगेच दिसतं, फायरफॉक्सचं मोझिलाच्या आत असतं.

पण पुढचा खड्डा तिथेच आहे. फायरफॉक्सच्या प्रोफाइल्स फोल्डरमध्ये बहुतेक मशीनवर दोन फोल्डर दिसतात. दोन्हींच्या नावात आधी आठ अगम्य अक्षरं आणि मग एकाच्या शेवटी 'डिफॉल्ट', दुसऱ्याच्या शेवटी 'डिफॉल्ट-रिलीज'. मे २०१९ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ६७ पासून प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल मिळायला लागलं, तेव्हापासूनची ही जोडी. साध्या 'डिफॉल्ट'मध्ये बहुधा काहीच नसतं, आणि साधं नाव बघून माणूस नेमकं तेच उचलतो. नव्या मशीनवर ते चिकटवल्यावर फायरफॉक्स विनातक्रार उघडतं, रिकामं. तुमच्या टिपणात 'प्रोफाइल फोल्डर कॉपी करा' असं एकवचनात लिहिलंय. दोन दिसली तर काय, याबद्दल अवाक्षर नाही. तुम्ही ते नव्याकोऱ्या मशीनवर बसून लिहिलं असावं असा माझा कयास.

म्हणून जुनं मशीन चालू असेल तर मी पत्ता टाइप करायच्या वाटेला जातच नाही. फायरफॉक्सच्या मेनूत हेल्प, त्यात 'मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन', आणि त्या पानावर 'प्रोफाइल फोल्डर' या ओळीसमोर 'ओपन फोल्डर' असं बटण असतं. ते दाबलं की प्रत्यक्ष वापरात असलेलंच प्रोफाइल उघडतं. लपलेल्या फोल्डरचा प्रश्न मिटतो आणि दोघांतलं कुठलं हाही मिटतो. थंडरबर्डमध्येही हेल्प मेनूतून असंच जाता येतं.

इथे दोन गोष्टी टिपणात ठळक हव्यात. फायरफॉक्सच्या त्याच पानावर वरच्या बाजूला 'रिफ्रेश फायरफॉक्स' हेही बटण असतं, आणि गोंधळलेल्या माणसाला 'रिफ्रेश' हा शब्द फार आपुलकीचा वाटतो. ते दाबलं तर एक्स्टेन्शन आणि बऱ्याच सेटिंग्ज उडतात. (डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाचं फोल्डर पडतं, त्यात जुनं सगळं असतं. पण घाबरलेला माणूस तेही कचऱ्यात टाकतो.) दुसरी गोष्ट अशी की हे बटण प्रोग्रॅमच्या पोटात आहे, म्हणजे फोल्डर उघडतं त्या क्षणी प्रोग्रॅम चालू असतो. चालू प्रोग्रॅमचं प्रोफाइल कॉपी केलं तर डेटाबेसच्या फाइली अर्धवट उतरू शकतात. तेव्हा पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा: बटण दाबा, फोल्डरची खिडकी तशीच उघडी ठेवा, मग प्रोग्रॅम बंद करा, मग कॉपी. तुमच्यात 'प्रोग्रॅम बंद करा' ही पहिली पायरी आहे आणि 'मेनूतून फोल्डर उघडा' ही तिसरी. बंद केलेल्या प्रोग्रॅमचा मेनू उघडणार कुठून? माझ्या मते तुमचे निम्मे फोन या एका उलट्या क्रमामुळे येत असतील.

'बंद करा' या शब्दांवरही विश्वास ठेवू नका. आपल्याकडे खिडकी खाली घालणं हेसुद्धा पुष्कळांच्या लेखी बंद करणंच. 'मेनूतून एक्झिट निवडा, खालच्या पट्टीतल्या चिन्हाखालची रेघ गेली की प्रोग्रॅम बंद झाला' असं लिहा. पायरी पार पडली हे कशावरून ओळखायचं ते त्या पायरीतच हवं.

आता ती चुकीची जागा. पान ५ वर तुम्ही आयमॅपबद्दल, म्हणजे मूळ मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या खात्याबद्दल, म्हणता: 'मेल खातं आयमॅप असेल तर काहीही कॉपी करायची गरज नाही, सगळं सर्व्हरवरून परत येईल.' हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी लिहिलं होतं, आणि त्यापायी एका अधिकाऱ्याचं सात वर्षांचं मेल जाता जाता वाचलं. खातं आयमॅप होतं, त्यात वाद नाही. पण सर्व्हरवरची जागा भरली की हे गृहस्थ जुनी मेलं माऊसने ओढून डाव्या बाजूच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये टाकायचे. तिथे गेलेलं मेल सर्व्हरवरून जातं आणि फक्त त्या मशीनच्या डिस्कवर उरतं. त्यांच्या दृष्टीने ते 'माझ्या मेलमध्येच' होतं, कारण दिसत होतं त्याच खिडकीत. तुमच्या त्या दोन जणांचंही हेच झालं असावं अशी मला दाट शंका आहे. संस्थेने दिलेली मेलबॉक्सची जागा लहान असेल, तर हा प्रकार घराघरात असतो.

पॉप खात्याची तऱ्हा याहून वेगळी. तिथे मेल मशीनवर उतरतं आणि सर्व्हरवरची प्रत काही काळाने पुसली जाते. थंडरबर्डमध्ये ही मुदत बदलली नसेल तर १४ दिवसांची असते. म्हणजे पॉपवाल्याने जुनी डिस्क पुसली आणि कॉपी घेतली नसेल, तर मागे दोन आठवडे उरतात, फार तर.

बरं, वाचकाला 'तुमचं खातं पॉप आहे की आयमॅप?' असं विचारूही नका. त्याला ते माहीत नसतं, आणि माहीत असायचं कारण नाही. सगळ्यांनी अख्खं प्रोफाइल न्यावं, एवढा एकच नियम ठेवा. आयमॅपवाल्याने विनाकारण काही जीबी नेले तर अर्धा तास जाईल. पॉपवाल्याने नेलं नाही तर आयुष्यभराचा पत्रव्यवहार जाईल. टिपण लिहिताना आपल्याला हुशारी दाखवायचा मोह होतो: अमुक फाइलीत बुकमार्क, तमुक फाइलीत पासवर्ड, तेवढंच उचला. खरंय ते. बुकमार्क आणि इतिहास 'प्लेसेस' नावाच्या फाइलीत असतो, पासवर्ड 'लॉगिन्स' आणि 'की४' या दोन फाइलींत मिळून, आणि दोघींतली एकच नेली तर पासवर्ड उघडत नाहीत. पण हे ज्ञान तुमच्या-माझ्यासाठी. वाचकाला सुटी फाइल उचलायला लावलीत की त्याने काय मागे ठेवलं हे त्यालाही कळत नाही.

आणि मागे काय काय राहतं! आपल्या मंडळींचं उदाहरण घ्या. मराठी शब्दतपासणीचा कोश वापरणारा माणूस वर्षानुवर्षं 'अॅड टू डिक्शनरी' म्हणत आडनावं, गावांची नावं, खात्याचे शब्द भरत असतो. हे सगळे शब्द प्रोफाइलमधल्या 'पर्सडिक्ट' नावाच्या चिमुकल्या फाइलीत असतात. कुठल्याही यादीत ती नसते. ती राहून गेली की दुसऱ्या दिवशी प्रत्येक पत्रावर लाल रेघांचं पीक येतं आणि तुम्हाला फोन: "नव्या मशीनला मराठी येत नाही." तसंच पत्त्यांचं. 'टू'च्या चौकटीत दोन अक्षरं टाकली की नाव आपोआप येतं, म्हणून लोकांना वाटतं तो पत्ता आपल्या अॅड्रेस बुकात आहे. प्रत्यक्षात तो 'कलेक्टेड अॅड्रेसेस' या वेगळ्या वहीत असतो, जिची फाइलही वेगळी. अॅड्रेस बुक एक्स्पोर्ट करून नेणाऱ्याची ही दुसरी वही हमखास राहते.

अख्खं प्रोफाइल नेलं तरी जे येत नाही, त्याचा एक परिच्छेद मात्र हवाच. आपल्याकडे सी ड्राइव्ह भरला की मेलचा साठा डी ड्राइव्हवर हलवायची जुनी पद्धत आहे; कुणीतरी सर्व्हिसवाला येऊन करून जातो आणि मालकाला पत्ता नसतो. असं केलेलं असेल तर प्रोफाइलमध्ये मेल नसतंच, फक्त डी ड्राइव्हचा पत्ता असतो. हे ओळखायची खूण: थंडरबर्डच्या अकाउंट सेटिंग्जमध्ये प्रत्येक खात्याच्या 'सर्व्हर सेटिंग्ज'च्या तळाशी 'लोकल डिरेक्टरी' अशी चौकट असते. त्यात एपडेटा शब्द नसेल, तर थांबा आणि फोन करा. हो, इथे 'फोन करा' असंच लिहा. प्रत्येक वाट कागदावर उलगडून दाखवायची नसते. सही म्हणून जोडलेली फाइल किंवा लोगोही असाच डॉक्युमेंट्समध्ये पडलेला असतो, तो वेगळा न्यावा लागतो.

पेनड्राइव्ह कसा हवा याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. थंडरबर्ड मेलचा प्रत्येक फोल्डर सहसा एकाच मोठ्या फाइलीत साठवतं. दहा वर्षांचा इनबॉक्स ५-६ जीबीची एक फाइल असू शकते. बाजारातले लहान पेनड्राइव्ह पुष्कळदा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले येतात, आणि त्यावर ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. मग विंडोज 'फाइल टू लार्ज' असं काहीतरी म्हणतं, माणूस 'स्किप' दाबतो, बाकीचं सगळं छान कॉपी होतं आणि इनबॉक्स तेवढा राहतो. हे मी तीनदा पाहिलंय. एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने (यांना ती अडचण नाही) फॉरमॅट केलेली बाहेरची डिस्क संस्थेनेच फिरती ठेवावी, आणि टिपणात 'स्किप दाबू नका' हे तीन शब्द टाकावेत.

थंडरबर्डमध्ये २०२२ च्या १०२ व्या आवृत्तीपासून टूल्स मेनूत एक्स्पोर्टची सोय आहे, अख्ख्या प्रोफाइलची झिप करून देते. तुम्ही तीच मुख्य वाट म्हणून दिलीत. लहान प्रोफाइलला ती उत्तम. पण २ जीबीच्या वरच्या प्रोफाइलला ती चालत नाही, आणि तुमच्याकडच्या जुन्या कर्मचाऱ्यांपैकी कुणाचं प्रोफाइल त्याच्या आत बसेल असं मला वाटत नाही. ती वाट दुय्यम करा आणि अट पहिल्या ओळीत लिहा, तळटीपेत नको.

नव्या मशीनवर उतरवण्याचा भाग तुमचा बरा आहे. दोनच भर. नव्या मशीनवरची आवृत्ती जुन्याइतकी किंवा तिच्यापेक्षा नवी हवी. जुनी असेल तर प्रोग्रॅम 'हे प्रोफाइल नव्या आवृत्तीचं आहे' म्हणून उघडायला नकार देतो आणि नवं प्रोफाइल बनवायचा पर्याय पुढे करतो. लोक तो दाबतात, रिकामी खिडकी बघतात आणि सगळं गेलं म्हणून रडकुंडीला येतात. दुसरी भर प्रोफाइल मॅनेजरबद्दल, म्हणजे प्रोफाइल बनवायच्या-निवडायच्या खिडकीबद्दल. तिथे नवं प्रोफाइल बनवताना 'चूज फोल्डर'ने कॉपी केलेलं फोल्डर दाखवायचं, हे तुम्ही लिहिलंत ते ठीक. पण कुणी चुकून तिथे डॉक्युमेंट्स फोल्डरच निवडलं आणि पुढे ते प्रोफाइल काढताना 'डिलीट फाइल्स' म्हटलं, तर डॉक्युमेंट्समधलं सगळं साफ होतं. प्रोफाइल काढायची पायरी टिपणातून पूर्ण उडवा. ती सामान्य माणसाची गरज नाही.

आता नंतरचा भाग, जो तुमच्या टिपणात जवळपास नाहीच. मी त्याला पडताळणीचा कागद म्हणतो. जुन्या मशीनवर बसलेलं असतानाच, काहीही कॉपी करण्याआधी, वाचकाने हाताने पाच गोष्टी लिहायच्या: सगळ्यात जुन्या मेलची तारीख आणि विषय, 'सेंट'मधलं शेवटचं मेल, लोकल फोल्डर्समधल्या उपफोल्डरांची नावं, पासवर्ड साठवलेल्या एका साइटचं नाव, आणि शेवटचा जोडलेला बुकमार्क. नव्या मशीनवर हेच पाच शोधायचे. पाचही सापडले की कागदावर सही करून तुमच्याकडे आणून द्यायचा. सही आणायला लावणं काहींना सरकारी वाटेल, पण त्यामुळे 'आलं वाटतं सगळं' हे 'वाटतं' जातं. आणि हा कागद तुमच्या टेबलावर येईपर्यंत जुनं मशीन पुसायचं नाही, असा नियम संस्थेकडून करून घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यापासून सगळ्यांनाच जुने डबे हटवायची घाई झालीय. भंगारवाला दारात उभा असतो. मी ३० दिवस ठेवतो, कपाटात, वर तारखेची चिठ्ठी लावून.

एक मुद्दा सुरक्षेचा. प्रोफाइल म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, आणि प्रायमरी पासवर्ड (या सगळ्यांवरचं कुलूप) लावलेला नसेल तर ती पेटी उघडीच असते. ते फोल्डर ज्या डिस्कवर नेलं, ती दुसऱ्याच्या हातात देण्याआधी फोल्डर पुसा, ही टिपणाची शेवटची पायरी हवी. तुमच्या टिपणाप्रमाणे एकच पेनड्राइव्ह ६० जणांत फिरतोय!

क्रोम वापरणारे चार जण आहेत म्हणालात. त्यांना या टिपणात घालू नका, वेगळं अर्धं पान द्या. फोल्डर उचलून नेलं की सगळं येतं हा फायरफॉक्सचा अनुभव तिथे लागू पडत नाही: क्रोमचे पासवर्ड विंडोजच्या त्या मशीनवरच्या, त्या वापरकर्त्याच्या किल्लीने बंद असतात, दुसऱ्या मशीनवर नुसतं फोल्डर नेऊन उघडत नाहीत. त्यांना गूगल खात्याचं सिंक (खात्यातून मशीनं आपोआप जुळवून घेणं) ही सोपी वाट. फायरफॉक्सलाही सिंक आहे आणि बुकमार्क-पासवर्डांपुरतं ते सोयीचं आहे, पण त्याला बॅकअप समजू नये. मोझिला खात्याचा पासवर्ड विसरून रिसेट केला आणि रिकव्हरी की नसेल, तर सर्व्हरवरचा साठा पुसला जातो. जुनं मशीन हातात असेल तर तो पुन्हा चढवता येतो. ते भंगारात गेलेलं असेल तर काय चढवणार?

मेनूंची नावं. पडद्यावर ज्या भाषेत दिसतं त्याच भाषेत, अक्षर न बदलता लिहा. तुमच्या मशीनवर इंटरफेस इंग्रजी आहे, तर 'समस्यानिवारण माहिती' असं लिहून वाचकाला मनातल्या मनात उलट भाषांतर करायला लावू नका. बटणाचं नाव जसंच्या तसं, ठळक. भोवतीचं वाक्य मराठीत. उलट शीर्षकं मात्र पूर्णपणे लोकांच्या बोलीत हवीत. तुमचं शीर्षक आहे 'उपयोजक प्रोफाइल स्थलांतरण मार्गदर्शिका'. तुमच्या संस्थेत एक माणूस दाखवा जो फोनवर असं बोलतो. तो म्हणतो, "फेव्हरिट कुठे गेले?", "जुनी मेलं दिसत नाहीत", "पासवर्ड परत मागतंय". ती वाक्यंच शीर्षकं करा. संस्थेच्या अंतर्गत साइटवर शोध घेताना तो तेच शब्द टाकणार आहे. 'प्रोफाइल' शब्दावर पहिलं पान घालवलंत, त्याजागी एक वाक्य पुरे: 'तुमचे बुकमार्क, पासवर्ड आणि मेलं ज्या फोल्डरमध्ये असतात, त्याला प्रोफाइल म्हणतात.'

व्हिडिओ करू नका असं माझं मत. पुढच्या आवृत्तीत मेनू सरकला की अख्खा व्हिडिओ नव्याने करावा लागतो, आणि जुना व्हॉट्सअॅपवर फिरत राहतो. शिवाय ज्या मशीनवर काम चाललंय तेच मशीन बंद-चालू होत असतं. हातात कागदच बरा. चित्रंही कमी करा. २३ चित्रांपैकी मला ४ आवश्यक वाटली: ओपन फोल्डरचं बटण (रिफ्रेशवर फुली मारून), दोन फोल्डरांची जोडी, लोकल डिरेक्टरीची चौकट आणि प्रोफाइल मॅनेजर. कागदाच्या वर, कुठल्या आवृत्तीवर आणि कुठल्या तारखेला प्रत्यक्ष करून पाहिलं ते लिहा.

पहिलं पान मी असं लिहिलं असतं:

'जुनं मशीन अजून पुसू नका. हा कागद पूर्ण झाल्यावर पुसायचं.
जुनं मशीन चालू होतं का? होत असेल तर पान २. होत नसेल, किंवा फक्त डिस्क काढून ठेवली असेल, तर पान ४.
काम सुरू करण्याआधी शेवटच्या पानावरच्या पाच ओळी भरा. पाच मिनिटं लागतात.
लोकल डिरेक्टरीत एपडेटा हा शब्द दिसत नसेल, किंवा कॉपी होताना कुठलीही सूचना आली, तर काहीही न दाबता फोन करा.'

बाकी सगळं मिळून ४ पानांत बसेल. बसवल्यावर छापायच्या आधी संगणकाची सगळ्यात जास्त भीती असलेल्या माणसाच्या मागे खुर्ची टाकून बसा, आणि तो कुठे थांबतो ते लिहून घ्या. दोन जण पुरतात. पुढे पाचव्या माणसापर्यंत गेलं तरी नवीन काही सापडत नाही असा माझा अनुभव.

आता ती दोन मशीनं. डिस्क शाबूत असेल तर तिच्यावर त्या माणसाच्या नावाच्या फोल्डरमधून एपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स असं आत जा. त्यात 'मेल' आणि त्याच्या आत 'लोकल फोल्डर्स' असं फोल्डर सापडेल. तिथे प्रत्येक मेलफोल्डरच्या नावाची एक जोडी असते: एक फाइल एमएसएफ शेपटीची, लहानशी; आणि दुसरी, त्याच नावाची पण बिनशेपटीची, दांडगी. मेलं त्या बिनशेपटीच्या फाइलीत असतात. लहानशी फक्त अनुक्रमणिका, ती नाही आली तरी थंडरबर्ड पुन्हा बनवतं. नव्या मशीनवर थंडरबर्ड पूर्ण बंद करा, ती दांडगी फाइल तिथल्या लोकल फोल्डर्समध्ये नेऊन ठेवा. त्याच नावाची फाइल आधीच असेल तर हिचं नाव बदला, रोमन अक्षरांत, उदाहरणार्थ 'जुना२०२५'. मग थंडरबर्ड उघडा. डाव्या बाजूला त्या नावाचं फोल्डर उभं राहील. फाइल मोठी असेल तर पहिल्यांदा उघडताना काही मिनिटं काहीच हलत नाही असं वाटेल. त्या माणसाला शेजारी बसवून घ्या आणि तेवढा वेळ माऊस त्याच्या हातात देऊ नका.

डी ड्राइव्हही बघा, न विसरता.